पोफळीची विरी पडते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पोफळीची वाळलेली विरी, म्हणजे झावळीचा रुंद देठ, पडताना ऐकलीय तुम्ही? आधी सरसर, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग धप्प! मोठी माणसं कूसही बदलत नाहीत. मूल मात्र डोक्यावरून पांघरूण ओढून घेतं. मी शाळेत मराठी शिकवते. भीतीची गोष्ट लिहायला शिकवताना माझा पहिला धडा या विरीचाच असतो.

पालक विचारतात, "टीचर, मुलांना भुताखेतांचं कशाला?" भरतमुनींनी नाट्यशास्त्रात सांगितलेल्या 8 रसांपैकी भयानक हा एक रस आहे. आणि माझा अनुभव असा, की निबंध पाच ओळींत आटपणारं मूल भुताची गोष्ट म्हटली की पुरवणी मागतं. मला तेवढं कारण पुरतं.

अगदी लहानांना मात्र घाबरवू नये. त्यांना मी नरकासुर देते. गोव्यात दिवाळीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यावर त्याचा पुतळा उभा असतो, पहाटे त्याला जाळतात. त्या रात्री त्याच्या मनात काय चाललं असेल ते लिहा, असं सांगते. तिसरीतल्या एकाने लिहिलं, "पहाटे मला जाळणार. पोहे त्यानंतर करणार. मला थोडे आधी द्या."

पाचवी ते सातवीसाठी एकच अट. भूत, भीती, घाबरलो हे शब्द वापरायचे नाहीत. वीज गेली आहे, आता फक्त कान, नाक आणि त्वचा. मग अशी वाक्यं येतात: "पंखा हळूहळू थांबला. पडवीत झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या. बाबा माझ्या शेजारी झोपले होते." यात भूत कुठे आहे? तरीही वाचताना मान आपोआप पडवीकडे वळते.

मोठ्या मुलांना मी आजी-आजोबांकडे पाठवते. देवचाराबद्दल विचारा. तो कुठल्या वाटेवर असतो, किती वाजता, त्याला काय ठेवतात. देवचार म्हणजे गावाचा राखणदार, नुसतं भूत नव्हे. हा फरक मुलांनी घरातूनच ऐकावा असं मला मनापासून वाटतं. वेताळाला भाविक वहाणा वाहतात. रात्री तो गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात, असं जुनी माणसं सांगतात. मी विचारते, टाच झिजलीय की चवडा? तळाला चिखल कुठला, खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातला, की डोंगरावरचा? त्यावरून त्याची रात्रीची वाट लिहा. यातून गोष्टीबरोबर मुलांच्या हाती आपला गावही लागतो. बांध, मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, पाणंद, व्हाळ म्हणजे ओढा, हे शब्द पुन्हा वहीत येतात.

आणि दहावीच्या मुलांसाठी कुर्डी. गोव्याच्या सांगे तालुक्यातला हा गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेला. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा हा गाव. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांचे चौथरे वर येतात, विस्थापित माणसं तिथे परत जमतात. एका मुलीच्या गोष्टीत एक म्हातारी दरवर्षी येऊन आपल्या चौथऱ्यावरचा गाळ झाडते. शेवटच्या वर्षी तिला चौथरा आधीच झाडलेला दिसतो.

आज रात्री घरच्या मुलांना एवढी गोष्ट सांगा, आणि पुढचं त्यांना लिहू द्या.

नमस्कार.