नेपाळात जाऊन घर बांधायचंय? आधी हा ओळंबा बघा

(पंचगंगा घाट, सकाळची वेळ. हातात ओळंबा.)

राम राम मंडळी. हा ओळंबा, भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा. दोरी आणि खाली लोखंडी वजन, बास. कोल्हापुरातल्या कुठल्याही गवंड्याच्या पिशवीत सापडतो. मला याची किंमत कळली ती मात्र नेपाळात.

दुसऱ्या देशात जाऊन एखाद्या गरजू कुटुंबाचं घर बांधायला हातभार लावता येतो, आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. कसं, ते सांगतो. पण मी का गेलो ते आधी ऐका.

२०१९ चा ऑगस्ट. महापूर. शिरोळ तालुक्यात माझी आत्या राहते. पाणी ओसरलं आणि तिच्या घराची मागची भिंत बसली, मातीत बांधलेली जुनी भिंत. गावात टेंपोमागून टेंपो येत होते. चादरी, साड्या, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या. ज्यांनी पाठवलं त्यांचे उपकार आहेतच. पण आत्या ओल्या जोत्यावर बसून एकच विचारत होती, "लेकरा, भिंत कोण घालणार?" शेवटी कुठल्या कुठल्या गावातली चार पोरं आली, गवंड्याच्या हाताखाली राबली, भिंत उभी केली आणि गेली. त्यांची नावंसुद्धा विचारायची राहून गेली. तेव्हापासून मनात होतं की आपणही कुणाची तरी भिंत घालायची. नोव्हेंबरात एक मित्र नेपाळला निघाला होता, टीममध्ये एक जागा रिकामी होती. निघालो.

आता ही पद्धत कशी चालते? यातलं सगळ्यात ओळखीचं नाव हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. १९७६ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात मिलर्ड आणि लिंडा फुलर या नवरा-बायकोनं ती सुरू केली. घर फुकट द्यायचं नाही. कुटुंबानं स्वतः राबायचं, बिनव्याजी हप्ते फेडायचे आणि बाहेरच्या माणसांनी येऊन हात लावायचा, असा तो विचार. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यात अनेक वर्षं स्वतः हातोडा चालवला. २००६ साली ते आपल्या लोणावळ्याजवळ आले होते, १०० घरांच्या कामाला. वय तेव्हा ८२. मी गेलो तो दुसऱ्या, लहान संस्थेतर्फे, पण रीत हीच.

नेपाळात २५ एप्रिल २०१५ ला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे ९ हजार माणसं गेली, पाच लाखांहून जास्त घरं पडली. सरकारनं घरासाठी तीन लाख नेपाळी रुपये जाहीर केले, तीन हप्त्यांत. आपल्या पैशात दोन लाखसुद्धा भरत नाहीत. डोंगरावर सिमेंट न्यायचं म्हणजे वाहतुकीतच पैसे संपतात. म्हणून कितीतरी घरं जोत्यापाशीच अडली होती. आम्ही बांधायला गेलो ते काव्रे जिल्ह्यातलं घरही त्यातलंच.

पहिल्या दिवशी माझ्या डोक्याला नाम्लो आला. नाम्लो म्हणजे कपाळावरून घ्यायचा पट्टा. त्याला पाठीवरची डोको, म्हणजे बांबूची टोपली, अडकवतात आणि तिच्यात दगड भरतात. घरच्या दिदी माझ्या दुप्पट दगड घेऊन चढ चढत होत्या आणि मलाच सांगत होत्या, "बिस्तारै, भाइ, बिस्तारै." हळू, भावा, हळू.

तिसऱ्या दिवशी मला भिंतीवर बसवलं. गवंड्याला तिकडं डकर्मी म्हणतात. सकाळभर मी एक थर लावला. डकर्मींनी येऊन ओळंबा सोडला. दोरी भिंतीपासून बोटभर लांब. काही न बोलता त्यांनी माझे तीन दगड उचलून बाजूला ठेवले आणि एक लांब दगड आणला. एवढा लांब, की भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचेल.

हे नीट समजून घ्या. दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन पापुद्रे असतात, मध्ये चुरा आणि माती भरलेली. जमीन हलली की दोन्ही पापुद्रे सुटतात, पोट फुगतं आणि भिंत माणसावर येते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात जाड जाड दगडी भिंती अशाच आल्या, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. आरपार जाणारा दगड दोन्ही पापुद्रे धरून ठेवतो. शिवाय जोत्यावर, खिडकीखाली, खिडकीवर काँक्रीटचा किंवा लाकडाचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवायचा, डब्याला दोरी गुंडाळावी तसा. कोयनेचा १९६७ चा भूकंप आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. हे आपल्यालाही लागतंय, मंडळी.

आता पैशाचं. तिकिटाच्या पैशात तिथला गवंडी बरेच दिवस काम करेल, हे खरं आहे. म्हणून ज्या संस्थेत तुमच्या वर्गणीतला मोठा वाटा सिमेंटला, गजाला आणि गवंड्याच्या मजुरीला जातो, तिथंच जा. हिशोब लेखी मागा. मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी चौकशी केली होती. त्यांच्या फोटोंत एकच शाळेची भिंत तीन वेगवेगळ्या रंगांत दिसली. प्रत्येक ग्रुप येऊन तीच रंगवून गेलेला! तिथं जाऊ नका.

आणि एक प्रश्न न लाजता विचारा: घर कुणाच्या नावावर होणार? जमिनीचा कागद कुणाकडं आहे? आमच्या घराचा कागद दिदींच्या नावावर होता. तो मी बघितला, मगच होकार दिला.

बाकी सोपं आहे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानानं जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. १५ ते ६५ वयात नुसत्या आधारवर भागत नाही. कमी खर्चात जायचं तर पुण्याहून गोरखपूरला रेल्वे आणि पुढं सुनौलीची सीमा. पावसाळा टाळा, दरडी कोसळतात. जुने बूट न्या, नवे नकोत, पाय सोलतात. दुपारी च्युरा मिळतो, म्हणजे आपले पोहेच, कोरडे.

बारा दिवसांनी आम्ही निघालो तेव्हा भिंत खिडकीच्या वर गेलेली नव्हती. मला फार वाईट वाटलं. दिदी म्हणाल्या, आता आमचे गावकरी करतील. फाल्गुनात व्हॉट्सअॅपवर हा फोटो आला.

(फोटो स्क्रीनवर.)

वर लाल पत्रा. खिडकीवरचा पट्टा सलग फिरलाय, बघा. आणि हा डावीकडचा कोपरा, जिथं माझे तीन दगड काढले होते, तिथं आता मक्याची कणसं वाळत टांगली आहेत.