सुटाच्या शिवणीत माया नसते

नमस्कार मंडळी.

इथे येताना गोखले रोडवर माझ्या शिंपीकाकांचं दुकान लागलं. वीस वर्षं ते माझे ब्लाउज शिवतायत. माप घेऊन झालं की दर वेळी विचारतात, "ताई, माया किती ठेवू?" मला थायरॉइडचा त्रास आहे. गोळीचा डोस बदलला, पावसाळ्यात तलावपाळीच्या फेऱ्या बंद पडल्या, घरात कुणाचं आजारपण आलं, की माझं वजन हलतं. गेल्या आठ वर्षांत ते 61 आणि 73 किलोंच्या मध्ये तीनदा खालीवर झालंय. काका शिवणीत इंचभर कापड जास्तीचं सोडतात. मी भरले की उसवतात, ओसरले की पुन्हा टीप मारतात, आणि तोच ब्लाउज मला सगळी वर्षं पुरतो.

ड्रायसूट, म्हणजे थंड पाण्यात डाइव्ह करताना अंग कोरडं ठेवणारा पाणबंद सूट. त्याच्या शिवणीत अशी माया नसते. तिथली शिवण आतून टेप चिकटवून पाणबंद केलेली असते. ती घरी किंवा शिंप्याकडे उसवता येत नाही. म्हणून आज मी एवढंच सांगायला आलेय, की शिवणीत नसलेली ही माया दुसरीकडे कुठे ठेवायची.

तुमच्यापैकी बरेच जण मालवण-तारकर्लीला डाइव्ह करून आलेले दिसताय. तिथल्या कोमट समुद्रात ड्रायसूट लागत नाही. आइसलँडच्या सिल्फ्रा घळीत मात्र हिमनदीचं वितळलेलं पाणी असतं, बारा महिने 2 ते 4 अंश. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. वेटसूटमध्ये पाणी आत शिरतं आणि अंगाच्या उबेने तापतं. ड्रायसूटमध्ये ते शिरतच नाही. गळ्याला आणि मनगटांना पाणी अडवणारी घट्ट सील, पाणबंद झिप, आत उबदार कपड्यांचा थर आणि त्यात धरून ठेवलेली हवा. छातीवरच्या व्हॉल्व्हने हवा आत सोडायची, डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हने बाहेर काढायची. 10 मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि तीच हवा निम्म्या जागेत मावते, सूट अंगाला आवळतो. म्हणून खाली जाताना हवा भरत जायची, वर येताना सोडत यायची.

माझा पहिला सूट मी 62 किलोंवर असताना घेतला. विक्रेत्याने उंची आणि वजन विचारलं, मी त्या दिवसाचं वजन सांगितलं. आठ महिन्यांनी 72 वर होते. प्रवासाला निघण्याआधी इथल्याच एका तरणतलावात घालून पाहिला. श्वास रोखल्यावर झिप लागली. पण कोपर खांद्याच्या वर जाईना, म्हणजे डोक्यामागे हात नेऊन सिलिंडरचा व्हॉल्व्ह फिरवणं अशक्य. आतला जाड थर दाबून सपाट झाला होता, आणि दाबलेल्या थरात हवा उरत नाही, म्हणजे ऊबही उरत नाही. दहा मिनिटांत मला गरगरायला लागलं. मैत्रिणीने दोन्ही हातांनी गळ्याचं सील ओढून धरलं तेव्हा डोकं ताळ्यावर आलं.

या गळ्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना, मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीवर, रक्तदाब जोखणारी एक जागा असते. तिच्यावर बाहेरून दाब आला तर शरीराला वाटतं रक्तदाब वाढलाय. मग हृदयाचे ठोके मंदावतात, दाब उतरतो आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. पाण्याखाली हे घडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. वजन वाढलं की मनगट फारसं बदलत नाही, मान मात्र बदलते. लेटेक्सचं, म्हणजे पातळ रबराचं, सील कात्रीने कडेकडेने थोडं थोडं कापून आपल्या मानेला बसवतात. भरलेल्या दिवसांत कापलं तर ओसरल्यावर तिथून पाणी झिरपतं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून वजन हलणाऱ्याने अंगठीसारख्या कड्यात बसणारं, बदलता येणारं सील घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. सिलिकॉनची सील अशाच कड्यात बसवतात. दोन मापांची दोन जवळ ठेवायची आणि त्या दिवसांत जे बसेल ते पाच-दहा मिनिटांत चढवायचं. सिलिकॉन लेटेक्सपेक्षा लवकर फाटतं, म्हणून प्रवासात एक जादाचं हवंच. लेटेक्सच ठेवणार असाल तर कापायची घाई करू नका. आधी रात्रभर एखाद्या पातेल्यावर ताणून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच सैलावतं.

आता सुटाचं माप. वजन वाढतं-घटतं तेव्हा पोट, दंड, मांड्या, छाती बदलते. हाडं बदलत नाहीत. पायाची आतली लांबी, हाताची लांबी आणि पावलाचं माप वजन हललं तरी जवळपास तेच राहतं. म्हणून सूट आधी लांबीवरून निवडायचा, आणि घेर आपल्या सर्वांत भरलेल्या दिवसांचा धरायचा. तुम्ही आज बारीक असाल तर आजच्या मापावर जाऊ नका. कपाटातून त्या दिवसांतला अंगाला बसणारा कुडता काढा आणि त्याची छाती, कंबर, दंड टेपने मोजा. त्यात आतल्या थराची जाडी मिळवा. मापं देऊन सूट शिवून घेण्याचा मोह मलाही होतो, पण तो आजच्या देहाला शिवला जातो. वजन हलणाऱ्याला तयार मापातला, लांबीला बरोबर आणि घेराला थोडा मोकळा सूट जास्त वर्षं पुरतो.

मग कुणीतरी विचारतंच, की ताई, सरळ दोन मापं मोठाच घेतला तर? नको. मोकळ्या जागेत हवा हिंडते. डोकं खाली गेलं की ती पायांकडे धावते, पाय फुग्यासारखे वर खेचले जातात. हवा सोडायचा व्हॉल्व्ह दंडावर, म्हणजे आता हवेच्या खाली. ती बाहेर पडतच नाही, आणि माणूस उलटा वर जात राहतो. यातून सुटायला गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि डोकं वर आणायचं. हे आधी तरणतलावात शिकल्याशिवाय खोल पाण्यात जाऊ नका. शिवाय लांबीला मोठ्या सुटात पाऊल बुटातून वर सरकतं आणि फिन, म्हणजे पायातलं वल्हं, निसटते. ओसरलेल्या दिवसांत पोटऱ्यांवर गेटर्स, म्हणजे घट्ट आवरणं, बांधले तर पायातली रिकामी जागा कमी होते.

कापडाचं थोडक्यात सांगते. निओप्रीन, म्हणजे फेसासारखं बुडबुड्यांचं रबर, ताणतं, चार-पाच किलोंचा फरक मुकाट सोसतं. पण ते जड असतं, आपल्याकडच्या पावसाळी हवेत वाळता वाळत नाही, आणि त्यातला फेस खोलीवर दबून ऊब कमी होते. ट्रायलॅमिनेट, म्हणजे दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर, अजिबात ताणत नाही. पण ते हलकं असतं, आणि आतला थर बदलून त्याच सुटात जाड-बारीक होता येतं. मी हेच वापरते. टेलिस्कोप पद्धतीचा घ्या. त्याचं धड घडीचं असतं, आत खांद्यावरचे पट्टे आणि जांघेतून एक पट्टा. वाकताना घडी उलगडते. वजनात वीस किलोंहून जास्त फरक पडला तर कुठलाच सूट पुरत नाही. मग जाणत्या कारागिराकडून बाजूला पट्टी घालून घेणं किंवा दुसरा सूट, हे दोनच मार्ग.

खरी माया आतल्या थरात ठेवायची. दोन सूट परवडत नाहीत, दोन मापांचे अंडरसूट, म्हणजे आत घालायचे उबदार कपडे, त्या मानाने परवडतात. ओसरलेल्या दिवसांत जाड अंडरसूट आणि वर बिनबाह्यांचं जाकीट, भरलेल्या दिवसांत अंगाबरोबरचा मोठ्या मापाचा.

पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधतात ते शिसंही पुन्हा तोलायचं. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. 10 किलो चरबी साधारण 11 लिटर जागा घेते, म्हणजे समुद्रात सव्वा ते दीड किलो शिसं जास्त. गेल्या सहलीच्या वहीतला आकडा आंधळेपणाने कमरेला बांधू नका. दर वेळी पृष्ठभागाशी तपासा.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते "वजन उतरलं की घेईन" या वाक्याचं. माझ्या ओळखीच्या दोघीतिघी अशा थांबल्या आणि त्यांनी ते थंड, निळं पाणी अजून पाहिलेलं नाही. एकीने तर निश्चयाला बळ यावं म्हणून मुद्दाम एक माप लहान घेतला. तो चार वर्षं ठाण्याच्या दमट हवेत कपाटात पडला आणि गळ्याचं लेटेक्स चिकट होऊन गेलं. पोहायचंय ते आजच्या अंगाने. सूट त्याच अंगासाठी घ्या.

आता माझा सूट घालून बघा. मागच्या खोलीत एसी लावलाय, नाहीतर मे महिन्यात जाड थर घालून घेरी यायची. आतला थर घालून मगच सुटात पाय टाका. झिप लागल्यावर उकिडवे बसा, दोन्ही हात वर करा, मग उजवा हात मानेमागे न्या. बोटं जिथे अडतील तिथे थांबून मला हाक मारा. सीलला टाल्कम लावून ठेवलंय. कानातले, मंगळसूत्र, घड्याळ बाहेरच काढून ठेवा आणि नखं वाढवली असतील तर मला हात लावू द्या, तुमच्या डोक्यावरून गळा मी चढवते.