नर नसलेल्या वंशात प्रजाती कशी ओळखायची?

मित्रहो, प्रजाती म्हणजे काय, हे शाळेत एका वाक्यात उरकतं. ज्यांची संतती पुढे वंश चालवू शकते ते एका प्रजातीचे. घोडा आणि गाढव यांचं खेचर होतं, पण खेचरापाशी वंश थांबतो, म्हणून ते दोघे वेगळे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी 1942 मध्ये ही कल्पना नीट बांधली आणि तिने जीवशास्त्राचं फार मोठं काम केलं. तिचे भाग मात्र दोन आहेत, हे आपण विसरतो. परक्यांशी संकर जमत नाही, हा एक. आपसात जमतो, हा दुसरा.

आता दगडावरचं थोडं शेवाळ पाण्यात पिळा आणि त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. जळवेसारखा अंग आखडत-ताणत सरकणारा एक जीव बहुधा दिसेल. तो एका जागी टेकला की डोक्यावरच्या बारीक केसांची दोन वर्तुळं उघडतात आणि चाकं गरगरल्याचा भास होतो. हा ब्डेलॉइड रोटिफर. याच्या चारशेहून अधिक प्रजातींना नावं आहेत आणि एकीतही आजवर नर सापडलेला नाही. मादीच्या अंड्यातून मादीच निघते. क्वचित जनुकांची अदलाबदल होत असावी, अशा खुणा अलीकडे दिसल्या आहेत, पण नर नाही तो नाहीच.

इथे कसोटी लावून पाहा. प्रत्येक मादी दुसरीपासून तुटलेलीच आहे. मग जितक्या माद्या तितक्या प्रजाती म्हणायच्या का? व्याख्या इथे खोटी ठरत नाही, तिला बोलायला काही उरत नाही. मायर यांनीही हे मान्य केलं होतं.

मला खरं नवल पुढच्या गोष्टीचं वाटतं. बांधून ठेवणारा संकर नाही, तर या जीवांमध्ये सगळी सरमिसळ दिसायला हवी होती. 2007 मध्ये संशोधकांनी त्यांच्या जबड्यांचे आकार आणि डीएनए ताडून पाहिले, तर स्पष्ट पुंजके निघाले आणि पुंजक्यांमध्ये रिकाम्या जागा. दोन जवळच्या प्रजाती तर पाण्यातल्या एकाच कवचधारी किड्याच्या अंगावर राहतात, एक पायांपाशी, दुसरी छातीवर. संकराशिवायही जगण्याची जागा आणि नैसर्गिक निवड जीवांना वेगळं करू शकते, हे मला यातून पटलं.

जिवाणूंच्या बाबतीत तर सरळ आकडाच धरतात. जीनोम, म्हणजे जीवाचा सगळा डीएनए, सुमारे 95 टक्के जुळला की प्रजाती एक. तरीही शिगेला आणि ई. कोलाय जनुकांच्या हिशेबाने एकाच प्रजातीत बसतात आणि नावं वेगळी ठेवली जातात, कारण डॉक्टरांना हगवणीचा जंतू, म्हणजे शिगेला, वेगळा ओळखायचा असतो. मला यात गैर काही दिसत नाही, फक्त नाव कशासाठी दिलं ते उघड सांगावं.

आता संगमरवरी क्रेफिश घ्या, हा गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव. 1990 च्या दशकात जर्मनीतल्या हौशी मत्स्यालयांत हा प्राणी प्रथम लक्षात आला. गुणसूत्रांचे तीन संच, सगळ्या माद्या. 2017 मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचं नाव मिळालं. त्याआधी प्रयोगशाळेत ज्या प्रजातीतून हा प्राणी निघाला तिचे नर या माद्यांजवळ सोडले गेले होते. मीलन झालं, पिल्लंही झाली, पण ती सगळी आईचीच प्रत, बापाचं त्यांच्यात काहीच उतरलं नाही. म्हणजे व्याख्येचा पहिला भाग इथे चोख लागू पडतो, आणि दुसरा लावायला या माद्यांमध्ये एकही जोडी नाही.