खाली सोलानी, वर गंगा

[दृश्य: पहाट. कालव्याकाठी चौथऱ्यावरचा सिंह. मागे भरून वाहणारं पाणी.]

रुडकीचा हा सिंह. याची जोडी पलीकडच्या काठावर, आणि अशीच दुसरी जोडी पुलाच्या त्या टोकाला, मेहवडला. दोन्ही जोड्यांच्या मधून वाहते ती गंगा. आता कठड्यापाशी या आणि खाली वाकून बघा. खाली आणखी एक नदी आहे! वाळूतून वाट काढत कमानींखालून निघालेली ती सोलानी. वरून गंगा जाते, खालून सोलानी, आणि एकीचं पाणी दुसरीत मिसळत नाही.

हा पूल माणसांसाठी नव्हे, पाण्यासाठी बांधला. म्हणून याला जलसेतू म्हणायचं.

१८३७-३८ मध्ये गंगा-यमुनेच्या दुआबात भीषण दुष्काळ पडला. सुमारे आठ लाख माणसं गेली. दोन्ही अंगांना दोन मोठ्या नद्या, आणि मधली शेतं करपलेली. त्यातून हरिद्वारहून कानपूरपर्यंत कालवा नेण्याचा विचार पुढे आला. तो तडीस नेला प्रोबी कॉटली या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने. १८४२ मध्ये खोदाई सुरू झाली. गंगा बंधाऱ्यात कोंडणार म्हणून हरिद्वारच्या पुरोहितांनी विरोध केला. कॉटलीने बंधाऱ्यात वाहत्या धारेसाठी मोकळी जागा ठेवली, घाट दुरुस्त करून दिले, आणि कामाचा आरंभ गणेशपूजनाने केला.

खरी परीक्षा पुढेच होती. हरिद्वार ते रुडकी अंतर तीसएक किलोमीटर, पण शिवालिकच्या डोंगरातून उतरणारे चार प्रवाह कालव्याला आडवे येतात. एरवी कोरडे, पावसाळ्यात मात्र बेफाम. रानीपूर आणि पथरी हे दोन कालव्याच्या डोक्यावरून नेले. धनौरीला रतमऊ कालव्याच्या पातळीवरच येतो, तिथे दरवाजे बसवले. सोलानीचं खोरं मात्र खोल आणि रुंद. तिथे कालव्यालाच उचलून पलीकडे न्यावं लागलं.

[दृश्य: खालून दिसणाऱ्या कमानी. विटांचे थर, जवळून.]

या विटांवर कॅमेरा जरा थांबू द्या. पंधरा कमानी, प्रत्येकीचा गाळा ५० फुटांचा, जाडी ५ फूट. त्यांच्यावर शेजारीशेजारी दोन पाट, प्रत्येकी ८५ फूट रुंद. पाण्याचं एवढं ओझं पेलायचं, आणि खाली खडक नाही, नुसती वाळू.

मला या पुलाचा सगळ्यांत मोठा मान इथे द्यावासा वाटतो. आपल्याकडे विहीर म्हणजे कातळ फोडणं. दुआबातली जमीन भुसभुशीत, तिथली रीत वेगळी. तिथले विहीरवाले आधी जमिनीवर विटांचं कडं बांधत, मग आत उतरून त्याच्या बुडाची माती काढत. कडं आपल्याच वजनाने खाली बसे, वर आणखी विटा चढत. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं हे कसब कॉटलीने पायासाठी वापरलं. २० फूट लांब, तेवढेच रुंद आणि उंच असे बांधकामाचे ठोकळे, प्रत्येकात चार विहिरी. त्या विहिरींतून वाळू उपसत उपसत ठोकळा नदीच्या तळात २० फूट उतरवायचा. नदीच्या तळाखाली आजही ते ठोकळे उभे आहेत. विटा पाडणाऱ्यांची, वाळू उपसणाऱ्यांची नावं मात्र कुठल्याही चौथऱ्यावर कोरलेली नाहीत, आणि ती असायला हवी होती.

पुलाच्या दोन्ही अंगांना मातीचा भराव आहे, जवळजवळ पावणेतीन मैलांचा. आतल्या बाजूने बांधीव पायऱ्या. या भरावाची माती वाहायला १८५१ च्या डिसेंबरात इथे वाफेचं इंजिन आणलं. पिरान कलियरहून माती भरून ते रुळांवरून येई. बोरीबंदरहून ठाण्याची गाडी सुटायला अजून सव्वा वर्ष होतं. त्या इंजिनाचं नाव ‘थॉमसन’. प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स थॉमसन यांच्यावरून पडलेलं. कालव्याला शिकलेले इंजिनिअर हवेत म्हणून १८४७ मध्ये रुडकीत कॉलेज निघालं, तेच आजचं आयआयटी. थॉमसन १८५३ मध्ये वारले. पाणी सुटलेलं त्यांना बघता आलं नाही.

८ एप्रिल १८५४. हरिद्वारचं पाणी भरावावर चढलं, कमानींवरून पुढे सरकलं आणि दुआबाच्या शेतांकडे निघालं.

[दृश्य: पायऱ्यांवर पाण्यात पाय सोडून बसलेली मुलं. कॅमेरा हळूहळू खाली, कमानींतून सोलानीच्या वाळूवर.]