सिल्व्हरटनहून ॲनिमास फोर्क्स, आरामात!

नमस्कार मंडळी! उन्हाळ्यात कोलोरॅडोला निघणार असाल तर आज एक कच्चा रस्ता सुचवतो. सिल्व्हरटन गाव ते ॲनिमास फोर्क्स हे ओसाड पडलेलं जुनं खाणगाव, जेमतेम १२ मैल, पण अर्ध्या तासात उरकायला गेलात तर नुसती धूळ खाल, म्हणून अख्खा दिवस ठेवा.

गाव सोडलं की लगेच मेफ्लॉवर मिल लागते, खनिज दळून धातू वेगळा काढायची, १९२९ ची. डोंगरावरच्या खाणीतला माल तारेवरून लोखंडी बादल्यांमधून इथे खाली यायचा, टॉवर अजून उभे आहेत. पुढे युरेका, तिथे आता गाव नाहीच, उतारावर सनीसाइड मिलचे काँक्रीटचे पायऱ्यांसारखे चौथरे तेवढे उरलेत. या सनीसाइड खाणीची गोष्ट ऐकाच. सोन्याच्या मागे खणत खणत लोक थेट लेक एमाच्या तळाखाली पोचले आणि ४ जून १९७८ ला तो अख्खा तलाव फुटून खाणीत घुसला, चिखल, लाकडं, यंत्रं सगळं घेऊन खालच्या बोगद्यातून बाहेर. नशीब बघा, रविवार होता, आत एकही माणूस नव्हता!

युरेकानंतर तुम्ही जवळजवळ जुन्या रेल्वेच्या वाटेवरूनच चढता बरं का. ऑटो मिअर्स नावाच्या कंत्राटदाराने १९०४ मध्ये पार ॲनिमास फोर्क्सपर्यंत छोटी गाडी आणली होती, चढ बघितला की पटत नाही.

ॲनिमास फोर्क्स ११,२०० फुटांवर आहे, कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी कमीच पडेल. १८८४ मध्ये इथे २३ दिवस बर्फाचं वादळ चाललं, लोकांनी घराघरांत जायला बर्फातून बोगदे खणले म्हणे. मोठ्या खिडकीचं १८७९ चं डंकन यांचं घर आत जाऊन बघता येतं. आणि हो, खाणवाल्यांचं कौतुक ठीक आहे, पण ही जमीन यूट या इथल्या मूळ रहिवाशांची, १८७३ च्या करारात त्यांच्याकडून घेतलेली, हे मुलांना तिथेच सांगा.

आता गाडीचं. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, उतरताना लो गिअर, भरपूर पाणी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात म्हणून सकाळी लवकर निघा. उंचीमुळे डोकं ठणकायला लागलं तर खाली उतरा. भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, कच्च्या रस्त्याला बऱ्याचदा मनाई असते. वर सिनॅमन पास या खिंडीकडे मात्र उंच फोर-व्हील ड्राइव्ह लागतेच, सेडानवाल्यांनी तिथे हट्ट करू नका.