एक दिवस विरोधाचा, एक दिवस बाजूचा

(नागपुरातील वाणिज्य आणि व्यवस्थापन महाविद्यालयांच्या प्राध्यापकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार.

मिशनऱ्यांचं महाविद्यालय नागपूरला नवं नाही. हिस्लॉप कॉलेज 1883 पासून आपल्याकडे आहे, पण ते स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनचं. मी ज्यांच्याकडे शिकवलं ते जेजुइट, म्हणजे कॅथलिक चर्चमधला येशूसंघ. इग्नेशियस लोयोला यांनी तो सुरू केला आणि 1540 मध्ये पोपनी त्याला मान्यता दिली. मुंबईचं सेंट झेवियर्स त्यांचं, 1869 मधलं. जमशेदपूरची एक्सएलआरआय ही व्यवस्थापन संस्थाही त्यांचीच. मी राज्याबाहेरच्या अशाच एका जेजुइट महाविद्यालयाच्या बिझनेस स्कूलमध्ये बरीच वर्षं शिकवलं आणि त्यांच्या पंचवार्षिक आराखड्याच्या दोन फेऱ्यांना बसलो. एक फेरी वाया गेली, दुसरी कामाला आली. आज बोलायचंय ते या दोन फेऱ्यांविषयी. ऐकताना तुमच्या डोळ्यांसमोर तुमचं स्वतःचं कॉलेज असू द्या.

सुरुवात आपल्या गावापासून करतो. 1 जानेवारी 1877 ला जमशेदजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा तिच्या भोंग्यावर उठले असतील. पुढे ज्या पोलादनगरीला जमशेदजींचं नाव मिळालं, तिथे 1949 मध्ये फादर क्विन एनराइट यांनी एक्सएलआरआय काढलं. या अक्षरांचा मूळ अर्थ आजची मुलं विसरली आहेत: झेवियर लेबर रिलेशन्स इन्स्टिट्यूट. म्हणजे मजूर आणि मालक यांच्या संबंधांचा अभ्यास. पोलादाच्या गावात कारखान्याच्या फाटकावर जो प्रश्न रोज उभा होता, तोच त्यांनी संस्थेच्या नावात घातला. रांचीत 1955 मध्ये त्यांनी समाजसेवेचं शिक्षण देणारी संस्था काढली, कारण आजूबाजूला आदिवासी मुलूख होता. भुवनेश्वरला 1987 मध्ये ओडिशा सरकारशी करार करून व्यवस्थापन संस्था उभी केली आणि पुढे तिथे ग्रामीण व्यवस्थापन शिकवायला घेतलं. संघ एकच, पण प्रत्येक गावात संस्थेचा चेहरा वेगळा. आधी गाव वाचलं, मग अभ्यासक्रम लिहिला.

आपण बहुतेक वेळा उलट्या वाटेने जातो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत धोरणाची आखणी आणि अंमलबजावणी विचारलेली असते, म्हणून आराखडा लागतो. मग आयक्यूएसीचे, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे, समन्वयक दुसऱ्या कुठल्या तरी कॉलेजचा आराखडा मागवतात, नाव बदलतात, आणि 'जागतिक दर्जाचं केंद्र' हे शब्द पहिल्या पानावर बसतात. आमची पहिली फेरी याहून फार वेगळी नव्हती. बाहेरून सल्लागार आले. हॉटेलात दोन दिवस बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांचे चौकोन भरले. चौदा उद्दिष्टं निघाली. सगळी चांगली होती, एकालाही कोणी नाही म्हटलं नाही. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यातली तीन पुरी झाली होती, आणि ती तिन्ही आराखडा नसता तरी झालीच असती. जेवढा पैसा आणि जेवढी माणसं होती, ती चौदा ठिकाणी थोडी थोडी वाटली गेली. मला आजही त्याचं वाईट वाटतं, कारण त्या पाच वर्षांत दहा तुकड्या आमच्या हाताखालून गेल्या.

दुसऱ्या फेरीच्या आधी तिथल्या एका वयस्क फादरांनी आम्हाला 1539 सालची गोष्ट सांगितली. ती मी जरा सावकाश सांगणार आहे.

तेव्हा संघ स्थापन झालेला नव्हता. रोममध्ये इग्नेशियस आणि त्यांचे मोजके सोबती होते, पॅरिसला शिकलेले, निरनिराळ्या देशांचे. पोप त्यांना चार दिशांना पाठवणार हे स्पष्ट होतं. प्रश्न असा की आपण पांगलो तरी एक संघ म्हणून राहायचं का, आणि आपल्यातल्याच एकाच्या आज्ञेत राहायचं का. मतं जुळेनात. दिवसा प्रवचनं आणि सेवा, बैठक रात्री, असं साधारण तीन महिने चाललं. अडलं तेव्हा त्यांनी काही नियम घालून घेतले. बैठकीआधी प्रत्येकाने एकट्याने विचार आणि प्रार्थना करायची. या विषयावर आपसात बोलायचं नाही, म्हणजे कोणी कोणाला वळवणार नाही. आपण या गटातले नाहीच, बाहेरून पाहतोय, असं समजून तोलायचं. आणि मग एक दिवस प्रत्येकाने फक्त विरोधातली कारणं मांडायची, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने फक्त बाजूची. ज्याला आज्ञेचं बंधन मनापासून हवं होतं त्यानेही पहिल्या दिवशी तोटेच सांगायचे. जूनमध्ये त्यांचा निर्णय झाला, आणि तो एकमताने झाला.

व्यवस्थापनाच्या शिक्षकाला यात काय दिसतं? आपल्या बैठकीत माणूस आणि त्याचं मत एकमेकांना चिकटलेलं असतं. सावरकर सर अमुक कोर्सच्या बाजूचे, म्हणजे कोर्स पडला तर सर पडले. (हे नाव मी आत्ता उदाहरणापुरतं घेतलं.) इथे दोन दिवसांत प्रत्येक जण दोन्ही बाजूंनी बोललेला असतो, त्यामुळे हरायला कोणी उरत नाही. इग्नेशियस याला मनाची एक विशिष्ट अवस्था लागते असं मानत: साधनाला चिकटून राहायचं नाही, ते उद्देशाला उपयोगी पडेल तेवढंच वापरायचं, अडथळा झालं की सोडायचं. सेवाग्राम आणि पवनार आपल्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहेत. अनासक्ती हा शब्द विदर्भाला समजावून सांगायची गरज नाही. नवी इमारत, नवा कोर्स, रँकिंगमधला आकडा, ही सगळी साधनं आहेत.

आमच्यापुढचा प्रस्ताव होता बिझनेस ॲनालिटिक्सचा नवा अभ्यासक्रम, साठ जागांचा. सोबत वातानुकूलित सभागृह. पहिला दिवस विरोधाचा. ज्यांनी प्रस्ताव लिहिला होता त्यांचीच पाळी पहिली आली. ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "हा कोर्स मला हवा आहे, यातलं अर्धं कारण हे की शेजारच्या संस्थेने तो काढलाय." इतका खरा बोल मी कुठल्याच बैठकीत ऐकला नव्हता. खोलीतली हवाच बदलली.

दुपारी फी काउंटरवरच्या बाबूंना बोलावलं होतं. प्राध्यापकांच्या बैठकीत ते पहिल्यांदाच बसत होते. त्यांनी सोबत एक लांबट वही आणली होती, हप्त्याने फी भरणाऱ्या मुलांची. नाव, रक्कम, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेलं कारण. निळ्या शाईत नोंद, लाल शाईत मुदतवाढ. एका पानावर लागोपाठ तीन नावांपुढे लिहिलं होतं: 'धान विकल्यावर'. त्याखाली एकापुढे: 'बहिणीचं लग्न, मार्चनंतर'. बाबू म्हणाले, "नवा कोर्स महाग असेल. ही वही जाड होईल, किंवा ही मुलं येणारच नाहीत." त्या एका वाक्याने आमच्या बाजारपेठ-सर्वेक्षणापेक्षा जास्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाजूची कारणं. ग्रंथपालबाई आदल्या दिवशी कडाडून बोलल्या होत्या. आज त्या म्हणाल्या की धान विकून फी भरणाऱ्या मुलालाच बऱ्या पगाराची पहिली नोकरी सगळ्यात जास्त लागते, आणि हे कौशल्य त्याला ती देईल. अखेर ठरलं ते असं: कोर्स काढायचा, पण तीस जागांचा. त्याआधी हप्त्याच्या मुलांसाठी निधी उभारायचा. निधी पुरा होईपर्यंत जाहिरात द्यायची नाही. सभागृह सोडून द्यायचं. त्या आराखड्यात चारच उद्दिष्टं होती, आणि शेवटच्या पानावर आम्ही नाकारलेल्या नऊ गोष्टींची यादी, कारणांसह. मला विचाराल तर ते शेवटचं पान हाच खरा आराखडा होता. पुढच्या पाच वर्षांत कोणी नवा मोह घेऊन आला की प्राचार्य तेच पान उघडत.

निधी आधी, वर्ग नंतर, हीसुद्धा जेजुइटांची जुनी रीत आहे. 1548 मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात त्यांनी संघाबाहेरच्या मुलांसाठी पहिली मोठी शाळा काढली. शिक्षण फुकट द्यायचं, म्हणून दाता किंवा नगर आधी खर्चाची तजवीज करत असे. आज तशी फुकट व्यवस्था त्यांच्याकडेही नाही. त्यांच्या नामवंत बिझनेस स्कूलांची फी लाखांत आहे, आणि दुसरीकडे 2019 मध्ये संघाने पुढच्या दहा वर्षांसाठी जे चार अग्रक्रम जाहीर केले, त्यात वंचितांबरोबर चालणं आणि तरुणांना साथ देणं हे दोन आहेत. हा ताण त्यांना रोज जाणवतो. आपल्यालाही जाणवायला हवा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या गुणांकनात पोहोच आणि समावेशकता याला दहा टक्के वजन आहे. आपण ते दहा टक्के कसे मिळवायचे याचा हिशेब करतो. ज्या संस्थेचा हेतूच तो आहे तिने पहिल्या पानावर लिहायला हवं की यंदा किती मुलं अशा घरांतून आली, किती मध्येच सोडून गेली, आणि शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा आले तेव्हा त्यांना परीक्षेला बसू दिलं की नाही.

आता नागपूर. 2015 पासून आपल्या शहरात आयआयएम आहे, मिहानमध्ये तिचा स्वतःचा परिसर आहे. कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन देशभरातून मुलं तिथे येतात. आपल्या कॉलेजांनी तिची छोटी प्रत व्हायचं कारण नाही. आपलं गाव आपल्याला काय विचारतंय ते पाहू.

काटोल-वरुडचा संत्रा घ्या. 2014 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तरी बहुतेक शेतकरी आजही फळ झाडावर असतानाच अख्खी बाग व्यापाऱ्याला देऊन टाकतो. का? तोडणीला मजूर नाही, प्रतवारीची सोय नाही, सैल सालीचं फळ नाजूक, आणि गारपिटीची भीती. भाव पडला तरी हातात आलेला पैसा त्याला बरा वाटतो. बांगलादेश आपला मोठा ग्राहक, त्याने 2019 पासून आयात शुल्क वाढवत नेलं तेव्हा तो फटका बागेपर्यंत आला. जोखीम कोण उचलतो, पैसा कधी फिरतो, साठवण कुठे हवी, हे एमबीएच्या चार पेपरांचे प्रश्न एका बागेत आहेत. इतवारी बाजारातल्या तिसऱ्या पिढीच्या दुकानाचं तसंच. मुलगा पुण्याला नोकरी करतोय, बाप गल्ल्यावर बसलाय, आणि वारसाचा विषय घरात कोणी काढत नाही.

जेजुइट शिक्षणपद्धतीची 1993 मध्ये त्यांनी पाच पायऱ्यांत मांडणी केली: संदर्भ, अनुभव, चिंतन, कृती, मूल्यमापन. आपल्याकडे तिसरी पायरी गळते. मुलं समर प्रोजेक्ट करून येतात, अहवाल बांधतात, मोकळी होतात. मुलं शेतावरून आल्यावर आम्ही त्यांना अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून लिहायला बसवत असू: आज मी काय पाहिलं, मला कशाने अस्वस्थ केलं, यात माझं काय देणं लागतं. पहिल्या आठवड्यात दोन ओळी यायच्या. तिसऱ्या महिन्यात एका मुलीने लिहिलं होतं की व्यापाऱ्याला मी वाईट समजत होते, पण त्याचाही पैसा कोणीतरी अडवलाय. तिथून तिचा खरा प्रोजेक्ट सुरू झाला.

इथे येण्याआधी एका प्राध्यापकांनी मला विचारलं, "सर, आम्ही विद्यापीठाशी संलग्न. अभ्यासक्रम आमच्या हातात नाही, जागा विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यावर अवलंबून. आम्ही काय नियोजन करणार?" प्रश्न रास्त आहे. पण समर प्रोजेक्ट कुठे करायचा हे तुमच्या हातात आहे. फीचे हप्ते किती, कोणत्या महिन्यात, हे तुमच्या हातात आहे. कापूस-सोयाबीन बाजारात येतं तो महिना आणि तुमचा फीचा शेवटचा दिवस एकमेकांशेजारी लिहून पाहा. कोणता शिक्षक कोणत्या वीस मुलांची विचारपूस करील, तेही तुम्हीच ठरवता. आणि कोणत्या गोष्टी करायच्या नाहीत हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

त्या दोन दिवसांचं वेळापत्रक मी छापून आणलं आहे, दाराजवळच्या टेबलावर ठेवलंय. एकेक प्रत घेऊन जा. त्यात पहिल्या दिवशी दुपारी अडीचची वेळ फी काउंटरवरच्या माणसासाठी राखलेली आहे. त्यांना वही घेऊन यायला सांगा.