डॉल्बी: कुणाचं नाव, कशाला पडलं

कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात कुणी म्हणालं की यंदा मंडळानं डॉल्बी सांगितलाय, तर समजायचं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेस आणि टॉप स्पीकरची मोठी थप्पी, मागं जनरेटर आणि रस्त्याकडेच्या खिडक्यांची तावदानं थडथडणार. पेपरवाले याला आवाजाच्या भिंती म्हणतात, बाकीकडं डीजे. इकडं डॉल्बीच. वरातीत डॉल्बी, मिरवणुकीत डॉल्बी, आणि आवाहन निघतं तेही डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाचं.

तर हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी, जन्म 1933, अमेरिकेतल्या पोर्टलंडचे. केंब्रिजला फिजिक्समध्ये पीएचडी केली, मग 1963 पासून दोनेक वर्षं संयुक्त राष्ट्रांचे सल्लागार म्हणून चक्क भारतात होते, आणि इथून जाऊन 1965 मध्ये लंडनला डॉल्बी लॅबोरेटरीज काढली. कशासाठी? तर नको असलेला आवाज घालवायला!

टेपवर गाणं घेतलं की मागं एक बारीक स्स्स्स यायचं बघा, कॅसेटच्या जमान्यातल्यांना लगेच आठवेल, गाणं हळू झालं की ते जास्तच टोचायचं. डॉल्बींनी काय केलं, रेकॉर्डिंगच्या वेळी गाण्यातले हळू आवाज मुद्दाम वाढवून टेपवर घेतले आणि वाजवताना तेवढेच खाली आणले, म्हणजे गाणं होतं तसंच ऐकू येतं पण टेपचं स्स्स्स मात्र त्याच्याबरोबर खाली जातं, जवळपास 10 डेसिबलनं. भन्नाट डोकं! टेपडेकवर 'डॉल्बी एनआर' लिहिलेलं बटण असायचं, ते यासाठीच.

मग गाडी उलटी कशी फिरली? मला विचाराल तर थिएटरमुळं. सत्तरच्या दशकात कंपनी सिनेमाच्या साउंडमध्ये उतरली, पुढं आपल्याकडच्या थिएटरांवर, पोस्टरांवर ते नाव झळकायला लागलं, आणि पब्लिकच्या डोक्यात पक्कं बसलं की डॉल्बी म्हणजे छातीत धडधडणारा आवाज. ट्रॉलीवरच्या बेसमध्ये त्या कंपनीचं काही असो नसो.

नियम म्हणाल तर 2000 सालापासून आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. वाचायला बरे आहेत.

रे डॉल्बी 12 सप्टेंबर 2013 ला सॅन फ्रान्सिस्कोत गेले. इकडं तीनच दिवसांपूर्वी गणपती बसले होते, आणि विसर्जनाच्या डॉल्बीची सुपारी कधीच दिलेली असणार.